संग्रहालयाचं नूतनीकरण: दालनांची आखणी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली जुनी संस्था, तळमजला दगडी, वरचा मजला सागवानी, नोंदवहीप्रमाणे सुमारे तीन हजार वस्तू. नूतनीकरणाला अनुदान मंजूर झालंय. वास्तुविशारदांनी संगणकावर केलेली सहा दालनांची रंगीत चित्रं विश्वस्तांना दाखवली आणि ती सगळ्यांना आवडली. आता आतली मांडणी कशी ठरवायची, कुणाकडून करून घ्यायची आणि पैसा नि वेळ कुठे वाया जातो, हे तुम्हाला हवंय.

दालनांची आखणी हे माझं बावीस वर्षांचं काम आहे, तेही बहुतेक तुमच्यासारख्या छोट्या आणि मध्यम संग्रहालयांचं. त्या अनुभवावर सांगतो: ती रंगीत चित्रं काही महिने कपाटात ठेवा. वास्तुविशारदांची यात चूक नाही. त्यांना कुणी वस्तूंची यादीच दिली नव्हती, म्हणून त्यांनी भिंती, छतातले दिवे आणि काचपेट्या काढल्या आणि पेट्यांत कुठली तरी मडकी ठेवली. पण पेटीची खोली, उजेड, भिंतीचा रंग, पाटीवरचा मजकूर, माणसं कुठे थांबतील आणि कुठून वळतील, हे सगळं वस्तूंवरून ठरतं. उलट्या क्रमाने गेलात तर उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात तलवार तिरकी करून पेटीत बसवावी लागते, कारण पेटी चार इंच आखूड निघालेली असते. मी ते केलंय, आणि तो तिरकेपणा नंतर पंधरा वर्षं तसाच राहिलेला पाहिलाय.

म्हणजे पहिलं काम यादीचं. नोंदवही आणि प्रत्यक्ष वस्तू यांचा मेळ घाला. जुन्या संस्थांत एकाच वस्तूवर दोन दाखल क्रमांक असतात, क्रमांक पुसलेले असतात, काही वस्तू नोंदीत असतात आणि कपाटात नसतात. हे विश्वस्तांसाठी अवघड प्रकरण असतं, पण नूतनीकरणाच्या आधी ते मिटलं नाही तर वस्तू हलवाहलवीत खरंच हरवतात आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही. मेळ घालून झाला की अभिरक्षकांनी, म्हणजे क्युरेटरांनी, प्रदर्शनात येऊ शकतील अशा पाचसहाशे वस्तू निवडाव्यात आणि फक्त त्यांचं सविस्तर मोजमाप घ्यावं: लांबी, रुंदी, उंची, वजन, साहित्य, अवस्था, ती स्वतःच्या पायावर उभी राहते की आधार लागतो, उजेड कितपत सोसते. दोन माणसं नीट काम करत असतील तर दिवसाला पंचवीस-तीस वस्तू होतात. म्हणजे सहाशेला महिनाभर. हा महिना कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो आणि पुढची निम्मी भांडणं त्यामुळेच होतात.

सगळंच मांडायचा मोह आवरा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि दालनांत त्यातला छोटा भागच दिसतो. तिथली एकेक वस्तू डॉ. दिनकर केळकरांनी स्वतः हिंडून मिळवलेली, तरीही. देणगीदारांच्या घरच्यांना वाईट वाटेल ही तुमची भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे एक बदलतं दालन ठेवणं आणि राखीव संग्रह असा लावणं की कुणी आलं तर त्यांच्या आजोबांनी दिलेली वस्तू दहा मिनिटांत काढून दाखवता येईल.

आता मांडणीचा विचार. हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे, म्हणून एक प्रसंग जरा तपशिलात सांगतो.

एका संग्रहालयात धान्य मोजायच्या मापांचा एक जुना संच होता. काही लाकडी, पितळी पट्ट्या मारलेली, काही पितळी. सगळी एका उंच कपाटात दोन फळ्यांवर गर्दी करून ठेवलेली आणि पाटीवर एवढंच: ‘धान्यमापे, पितळ व लाकूड, १९वे शतक’. त्यासमोर कुणी थांबत नसे. आम्ही यादी करत होतो तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हात पुसला, सगळ्यांत लहान माप उचललं आणि म्हणाल्या, “हे कोळवं. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर.” मग शेराच्या पुढची दोन मापं त्यांनी स्वतःच ओढून ओळीत लावली: दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सहा मापं, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. आमच्यापैकी कुणालाही ते दिसलं नव्हतं, कारण कपाटात ती उंचीप्रमाणे लागत नव्हती, मावतील तशी लागली होती.

नवीन दालनात आम्ही तीच सहा मापं दोन मीटर लांबीच्या एका बुटक्या पेटीत एका ओळीत लावली. मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला. प्रत्येकाच्या खाली फक्त नाव. शेजारी काचेबाहेर नवी बनवून घेतलेली दोन लाकडी मापं आणि ज्वारीचा डबा, मोजून बघायला. ‘सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी’ एवढं एकच वाक्य भिंतीवर. खर्च त्या दालनातल्या सगळ्यांत स्वस्त पेटीचा. गर्दी मात्र तिथेच होते, आजी नातवाला शिकवते आणि शिक्षकांना काही बोलावं लागत नाही. दालनाची आखणी म्हणतात ती ही. वस्तूतच जे दडलेलं असतं ते मांडणीतून बाहेर यायला हवं. ते पाटीवर लिहावं लागलं तर मांडणी कमी पडली असं मी समजतो.

म्हणून डिझायनर नेमण्याआधी किंवा नेमल्यावर लगेच, अभिरक्षक, एखादा स्थानिक अभ्यासक, एखादा शिक्षक आणि वस्तू वापरलेली दोनचार वयस्कर माणसं यांना वस्तूंसमोर बसवा. विचारायचा प्रश्न एकच: या दालनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला काय कळलेलं असावं? प्रत्येक दालनासाठी त्याचं एका वाक्यात उत्तर लिहा. ते वाक्य जमत नसेल तर दालन अजून तयार नाही. ‘शस्त्रास्त्र दालन’, ‘वस्त्र दालन’, ‘नाणी दालन’ ही नावं कपाटं लावायला सोयीची, पण त्यांतून कुणाला काही कळत नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासोबत ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन झालं, ते नऊ गोष्टींत विभागलेलं होतं. इथली वस्तू आणि त्याच काळातली दुसऱ्या देशातली वस्तू शेजारी शेजारी. तो आवाका आपला नाही, पण पद्धत घेण्यासारखी आहे: आधी गोष्ट, तिच्यासाठी वस्तू, आणि वस्तूंमधलं नातं दिसेल अशी जागा.

कुठल्या वस्तूला किती जागा द्यायची हेही याच वेळी ठरतं. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. आकाराने छोटी, पण भूमध्य समुद्रावरचा देव पंचगंगेच्या काठी आला कसा, हा प्रश्न एवढा मोठा की तिला भोवती मोकळी भिंत हवी, नकाशा हवा, थांबायला जागा हवी. आकाराप्रमाणे जागा वाटली तर अशा मूर्ती हरवतात आणि तोफा सगळं दालन खाऊन टाकतात.

जागेबद्दल दोन आकडे लक्षात ठेवा. मुख्य वाट किमान १.२ मीटर, जमलं तर १.५ मीटर, म्हणजे व्हीलचेअर वळते. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १.१ ते १.२५ मीटरवर असते, म्हणून मेजासारख्या पेटीची काच ८०-८५ सेंटिमीटरच्या वर नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर हा भाग ऐच्छिक राहिलेला नाही. वरच्या मजल्यावर लिफ्ट नेता येत नसेल तर सगळ्यांत महत्त्वाच्या वस्तू तळमजल्यावर आणा. आणि शाळेच्या सहली. नोव्हेंबर ते जानेवारी तुमच्याकडे एकेका एसटीतून पन्नास मुलं उतरतील. प्रत्येक दालनात वीस मुलं एकाच वस्तूभोवती उभी राहू शकतील अशी एक तरी जागा हवी, आणि दप्तरं ठेवायला, पाणी प्यायला, जमिनीवर बसायला वेगळी खोली हवी. आराखड्यात ही खोली नेहमी शेवटी कापली जाते. कापू देऊ नका.

उजेडाचं गणित सोपं आहे आणि तरीही ते सर्वांत जास्त चुकतं. कापड, कागद, जलरंग, रंगवलेलं चामडं यांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको. तैलचित्रं, लाकूड, हस्तिदंत यांना १५० ते २०० लक्स. दगड आणि बहुतेक धातूंना उजेडाचा त्रास नाही. महत्त्वाची गोष्ट ही की नुकसान साठत जातं. ५० लक्सखाली दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर वर्षाचे १,२०,००० लक्स-तास होतात. तोच दिवा २०० लक्सचा असेल तर तीनच महिन्यांत तेवढं नुकसान. हळदीचा पिवळा सगळ्यांत आधी उडतो, नीळ टिकते. त्यामुळे हळद आणि नीळ मिळून केलेला हिरवा रंग उजेडात निळा पडत जातो. एका शेल्याची घडी आम्ही उलगडली तेव्हा आतली बाजू पोपटी आणि बाहेरची निळसर होती, घडीच्या रेषेवर रंग जणू कापल्यासारखा बदलत होता. शेला तोच, पेटीही तीच, फक्त वीस वर्षं खिडकीसमोर. तेव्हापासून मी कापडाच्या दालनात खिडकी ठेवत नाही आणि तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त काळ एकच वस्त्र बाहेर ठेवू देत नाही. म्हणजे प्रत्येक जागेसाठी तीन-चार वस्त्रांची पाळी लावावी लागते. हेही यादी करतानाच ठरवायचं असतं.

५० लक्स म्हणजे अंधार, अशी तक्रार येते. ती डोळ्यांची आहे. भर उन्हातून माणूस थेट आत आला तर त्याला काहीच दिसत नाही. अंगणातून व्हरांडा, व्हरांड्यातून मंद उजेडाची मधली खोली, तिथे प्रस्तावनेचा मोठा फलक, आणि मग कापडाचं दालन, असा रस्ता ठेवलात तर तेच ५० लक्स पुरतात. जुन्या इमारतींना खोल व्हरांडे असतात. बऱ्याच वास्तुविशारदांना तिथे तिकीटखिडकी आणि दुकान हवं असतं. मी व्हरांडा डोळ्यांसाठी मागतो. दिवे एलईडीच घ्या, पण रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक नव्वदच्या वर आणि रंग उबदार, ३००० केल्विनच्या आसपास. लक्समीटर संस्थेने स्वतःचा घ्यावा. ठेकेदाराच्या मीटरवर विसंबू नये.

आता पेटी. माझी सगळ्यांत मोठी चूक इथली आहे.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संग्रहालयात आम्ही सातवाहनांची शिशाची नाणी मांडली. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळं असलेली फुली. पेट्या प्लायवूडच्या, आतून रंग दिलेला, वर उत्तम काच, फटी सगळ्या रबराने बंद. धूळ जाऊ नये म्हणून आम्ही त्या जितक्या घट्ट करता येतील तितक्या केल्या होत्या. रंग ओला असतानाच नाणी आत गेली, कारण उद्घाटनाची तारीख ठरली होती. पाच महिन्यांनी अभिरक्षकांचा फोन आला की नाण्यांवर पीठ पडल्यासारखं दिसतंय. मी गेलो. पेटी उघडली तर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. नाण्यांवर पांढरी भुकटी होती आणि बोट लावलं की ती सुटत होती. ती धूळ नव्हती, शिसंच होतं. प्लायमधून आणि ओल्या रंगातून निघणारं ॲसेटिक आम्ल बंद पेटीत साठलं आणि त्याने शिसं खाल्लं. काही नाण्यांवरच्या हत्तीची सोंड गेली. दोन हजार वर्षं मातीत टिकलेली नाणी माझ्या पेटीत पाच महिन्यांत झिजली. जतनतज्ज्ञांनी बाकीची वाचवली, पण त्या सोंडा परत आल्या नाहीत.

तेव्हापासूनचा माझा नियम असा. वस्तूभोवतीच्या हवेत लाकूड, प्लाय, एमडीएफ काही नको. पेटीचा आतला भाग पावडर कोटिंग केलेल्या धातूचा, काच आणि ॲक्रिलिक चालतं. जुनं लाकूड ठेवायचंच असेल तर त्यावर बाष्परोधक ॲल्युमिनियमचा थर. चांदीजवळ लोकर, लोकरी फेल्ट, साधं रबर नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आत लावायचं कापडसुद्धा न धुता, न तपासता वापरू नका. तपासणीची एक जुनी आणि भरवशाची पद्धत आहे, १९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी मांडलेली: बंद परीक्षानळीत त्या साहित्याचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या चकत्या ठेवून ती ६० अंश सेल्सिअसवर २८ दिवस ठेवायची. चकत्या डागाळल्या तर ते साहित्य बाद. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातही हे करून घेता येतं. आणि सगळी पेटी तयार झाल्यावर, रंग वाळल्यावर, किमान चार आठवडे उघडी ठेवून मगच वस्तू आत. हे चार आठवडे वेळापत्रकात लाल शाईने लिहा आणि ज्यांच्या हस्ते उद्घाटन आहे त्यांच्या कार्यालयाला तारीख देण्याआधी मोजा.

हवेतल्या ओलाव्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते दालनाच्या आखणीतच येतं. देशावर एप्रिल-मे मध्ये हवा कोरडीठाक आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओलावा ८० टक्क्यांच्या वर. लाकूड, हस्तिदंत, पोथ्या या चढउताराने फुगतात आणि आकसतात, चिरा पडतात, पावसाळ्यात बुरशी धरते. सगळ्या दालनांना एसी लावला की प्रश्न सुटला असं वाटतं. पण आपल्याकडे एसी दहाला लागतो, सहाला बंद होतो आणि रात्री ओलावा पुन्हा चढतो. रोजचा हा झोका संथ ऋतुबदलापेक्षा वाईट. चोवीस तास एसी चालवायचं वीजबिल दहा वर्षं भरता येणार नसेल तर तो पैसा घट्ट बंद होणाऱ्या पेट्यांवर घाला. पेटीच्या तळाशी वेगळ्या कप्प्यात सिलिका जेल ठेवता येईल आणि वस्तूंना हात न लावता ते बाहेरून बदलता येईल, अशी रचना करून घ्या. जाड दगडी भिंती आणि व्हरांडे उरलेलं बरंच काम फुकट करतात. बाहेरून एखादी मोठी वस्तू उसनी आणायची इच्छा असेल तर हे सगळं कागदावर दाखवावं लागतं. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा त्याचं कौतुक सगळीकडे झालं. वस्तू उसनी देणारी कुठलीही संस्था आधी पेटी, सुरक्षा, उजेड आणि ओलावा यांच्या नोंदी मागते, हे मात्र विश्वस्तांना माहीत असलं पाहिजे.

तुमच्या सागवानी मजल्याबद्दल थोडक्यात. काच दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. १० मिलिमीटर काचेची मोठी पेटी वस्तूंसकट सहज तीन-चारशे किलोंची होते, आणि वर गर्दीचा भार धरायचा तो चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो. जुन्या तुळयांचा हिशेब संरचना अभियंत्याने केल्याशिवाय वरच्या मजल्याची मांडणी ठरवू नका. दगडी मूर्ती, तोफा, नाण्यांची जड कपाटं खाली. चित्रं, कापड, कागद वर. पण नदी जवळ असेल तर पुराची जुनी रेषा बघून मग ‘खाली’चा अर्थ ठरवा. २०१९ आणि २०२१ नंतर हे सांगायची गरज पडू नये. वस्तूंना खालून धरणारे पितळी किंवा स्टीलचे हात प्रत्येक उभ्या वस्तूला हवेतच. कोयना आणि किल्लारी हे दोन्ही भूकंप आपल्याकडचेच आहेत.

जुन्या लाकडी कपाटांबद्दलही एक शब्द. ती भंगारात देऊ नका. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये सुरू झालेलं, मुंबईतलं सगळ्यांत जुनं. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. तिथे जुनी कपाटं दुरुस्त करून वापरात ठेवली, म्हणून ते संग्रहालय आजही स्वतःसारखं दिसतं. इमारतीच्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. तुमची कपाटं सिरॅमिक, दगड, लाकडी खेळणी यांच्यासाठी उत्तम आहेत. शिसं आणि कापड त्यांत नको, एवढंच.

पाट्यांवर मी अडून बसतो, कारण मराठी माणसासाठीचं संग्रहालय असूनही मजकूर इंग्रजीत लिहून भाषांतराला पाठवतात. मग ‘सदर वस्तू ही तत्कालीन समाजजीवनाचे दर्शन घडवते’ असली वाक्यं भिंतीवर येतात. मजकूर मराठीतच लिहून घ्या, इंग्रजी नंतर. दालनाच्या प्रस्तावनेला दीडशे शब्द, वस्तूच्या पाटीला पन्नास-साठ, त्याहून जास्त उभ्याने कुणी वाचत नाही. पहिलं वाक्य समोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल हवं: ‘पात्याजवळची खाच बघा, तिथे सुपारी धरत.’ साल, साहित्य, दाखल क्रमांक खाली बारीक अक्षरांत.

अक्षरांचा आकार इंग्रजीच्या हिशेबाने ठरवू नका. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. त्याच आकड्याचा टाइप मराठीत लहान दिसतो आणि ओळी एकमेकांत अडकतात. मी वस्तूच्या पाटीला किमान २४ पॉइंट घेतो आणि ओळींतलं अंतर दीडपट ठेवतो. फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श असलेला युनिकोड घ्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधून मजकूर बदलताना रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्य’ तुटतो, आणि हे पडद्यावर नव्हे तर भिंतीवर लागल्यावर दिसतं. म्हणून छापण्याआधी प्रत्येक पाटी साध्या कागदावर खऱ्या आकारात काढा, भिंतीला चिकटवा आणि बाजारहाटाला आलेल्या दोनचार जणांना वाचायला सांगा. जिथे बोट थांबतं तिथलं वाक्य बदला. अशाच एका दुपारी एक आजोबा ‘धातुशिल्प’ शब्दाशी थांबले आणि म्हणाले, “टाक म्हणा की.” समोर देवघरातले चांदीचे टाकच होते. पाटीवर आता टाक आहे.

पेट्यांचंही असंच करा. थर्माकोल आणि पुठ्ठ्याची खऱ्या मापाची पेटी बनवून दालनात ठेवा, आत वस्तूंच्या जागी त्यांचे कापलेले फोटो, आणि विश्वस्तांना, परिचरांना, एका शाळकरी मुलाला भोवती फिरवा. दोन हजार रुपयांच्या या खेळात लाखांच्या चुका दिसतात.

निविदेबद्दल: शोकेस ‘फर्निचर’ या बाबीत टाकू देऊ नका. एकदा ती सुतारकामाच्या दरात बसली की सर्वांत कमी दराचा ठेकेदार प्लाय आणि सनमायका घेऊनच येणार, आणि तो निविदेप्रमाणे बरोबरच असणार. इमारत दुरुस्ती, पेट्या, दिवे आणि मजकूर-छपाई यांची वेगवेगळी कामं करा. पेट्यांसाठी दरासोबत गुणवत्तेला गुण देणारी पद्धत मागा, आणि कार्यादेशात लिहा की आधी एक नमुना पेटी मंजूर होईल, मग बाकीच्या. दालनांच्या खर्चातला सगळ्यांत मोठा वाटा पेट्यांचाच असतो आणि तो तसाच असू द्या. बचत करायची तर टचस्क्रीनवर करा. वस्तू जे सांगू शकत नाही तेवढ्यासाठीच पडदा, आणि तोही पाच वर्षांच्या देखभालीच्या करारासकट. बंद पडलेला पडदा दालन ओसाड करतो.

राखीव संग्रहाचं काम दालनांच्या आधी हाती घ्या, कारण काम चालू असताना तीन हजार वस्तू कुठे तरी ठेवाव्या लागणारच. इक्रॉम या वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ‘री-ऑर्ग’ ही राखीव संग्रह नीट लावायची पद्धत छोट्या संस्थांसाठीच केलेली आहे, ती बघून घ्या. मोकळी खोली, लोखंडी मांडण्या, जमिनीपासून सहा इंच वर पहिली फळी, प्रत्येक खोक्यावर फोटो आणि दाखल क्रमांक. सगळं मिळून सहा दालनांना मी चोवीस ते तीस महिने धरतो, त्यातले पहिले आठ-नऊ यादी, मजकूर आणि आखणीचे. अनुदानाचा हप्ता मार्चअखेर खर्च करायचा दबाव येईल. तेव्हा इमारतीची गळती, विजेचं काम, संग्रहाच्या मांडण्या यांवर तो खर्च करा. पेट्यांवर नको.

आणि परिचरांना आखणीच्या बैठकीत बसवा. पेटी कोण उघडणार, काच कशाने पुसणार, किल्ली कुठे राहणार, हे त्यांना विचारूनच ठरवावं. वर सांगितलेल्या मापांच्या संग्रहालयात तिथल्या परिचरांनी एक शंभरपानी वही घातली आहे. रोज सकाळी दालन उघडलं की प्रत्येक पेटीतल्या छोट्या ओलावामापकाचा आकडा ते तीत लिहितात, शेजारी काही दिसलं तर एक ओळ. गेल्या पावसाळ्यातली एक नोंद मी उतरवून घेतली आहे: ‘पेटी ७, सकाळी ६८, काल ५४, उजव्या कोपऱ्यात रबर सुटलंय, साहेबांना कळवलं.’ त्या पेटीत दोन पोथ्या होत्या. रबर त्याच दुपारी बदललं.